सहभागी क्रमांक ९ आणि ३१ यांच्या डाव्या डोळ्यांची पाकिटे उघडण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
नेत्र रुग्णालय,
(तुलनात्मक औषध अभ्यास कक्ष, खोली क्र. ६)

विषय : मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर आलेल्या सुजेसाठी दोन इंजेक्शनांची तुलना करणाऱ्या अभ्यासातील क्र. ९ व क्र. ३१ यांची मोहोरबंद पाकिटे मंगळवारपूर्वी उघडणे आणि क्र. ९ यांचा शोध घेणे.

संदर्भ : १) माझा दि. २३ ऑक्टोबरचा अर्ज (परत आला).
२) माझा दि. ४ नोव्हेंबरचा अर्ज (परत आला).
३) अभ्यासाचे माहितीपत्रक, पान ५, परिच्छेद ३.

महोदय,

१. दि. ८ एप्रिल रोजी माझ्या वडिलांना या अभ्यासात घेतले, त्या दिवशी आपल्याकडील समुपदेशक बाईंनी मला समोर बसवून बजावले होते, "गळ्यातलं कार्ड म्हणजेच पेशंट, असं समजा. काढायचं नाही, कुणाला धरायला द्यायचं नाही, बाथरूमला गेलात तरी गळ्यात राहू द्या." मी "हो, हो" म्हणाले. माझी मुलगी, वय वर्षे साडेतीन, त्या वेळी माझ्या पर्समधल्या किल्ल्या एकेक करून खुर्चीखाली टाकत होती आणि माझे अर्धे लक्ष तिकडे होते. माहितीपत्रक नऊ पानांचे होते. मी पहिले पान वाचले आणि शेवटच्या पानावर साक्षीदार म्हणून सही केली. मी पदवीधर आहे. वाचता येत नव्हते ही सबब मला नाही.

२. माझे वडील क्र. ३१. ते आरेखक होते, पस्तीस वर्षे इमारतींचे नकाशे काढले. डोळ्यांचा त्रास सुरू झाला तेव्हा ते म्हणत, "रेघ मी सरळच ओढली, कागद वाकलाय." डाव्या डोळ्यात सूज निघाली. उजवा बरा आहे. क्र. ९ यांचे नाव मला माहीत नाही, कारण अभ्यासात नावे घ्यायची नाहीत असा नियम आहे. त्यांची पूर्वी बेकरी होती, म्हणून आम्ही त्यांना बेकरीवाले काका म्हणतो. पहिल्याच दिवशी बाकावर शेजारी बसून ते वडिलांना म्हणाले, "आयुष्यभर गावाला गोड खाऊ घातलं, आणि साखर उरली ती सगळी माझ्याकडे." त्यांचा उजवा डोळा चार वर्षांपूर्वीच गेला. तो "कायमचं बंद दुकान" आहे असे ते सांगतात. त्यांच्याकडे डावा एवढाच डोळा आहे. हे वाक्य मी मुद्दाम वेगळे लिहीत आहे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

३. आपल्याला ठाऊकच आहे, तरी क्रम लिहिते. दर चार आठवड्यांनी मंगळवारी बोलावतात. सकाळी अक्षरांचा तक्ता वाचायचा, मग स्कॅन. मग निळी टोपी, निळा गाऊन, डोळ्यात थेंब, आणि ज्या डोळ्यात इंजेक्शन त्याच्या भुवईवर पेनने बाण. त्यानंतर सगळे एका रांगेत डोळे मिटून बसतात आणि क्रमांकाने आत जातात. दारातल्या सिस्टर कार्डावरचा आकडा आणि कोणाला काय द्यायचे ते ज्यात लिहिलेले असते त्या मोहोरबंद पाकिटावरचा आकडा जुळवतात. निळ्या टोपीत आणि गाऊनमध्ये साठीपुढचे सगळे पुरुष सारखेच दिसतात, हे मी कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. मला स्वतःला एकदा वडील ओळखू आले नव्हते.

४. नऊ क्रमांकाची पाळी अकराच्या सुमारास येते, एकतीसची एक वाजून गेल्यावर. माझ्या मुलीचे पाळणाघर एक वाजता बंद होते. माझ्या पतीची पाळी दर चार आठवड्यांनी बदलते, त्यामुळे एका भेटीला ते मुलीला आणू शकतात आणि पुढच्या भेटीला नाही. दुसऱ्या भेटीला, दि. ६ मे रोजी, मी सारखी घड्याळाकडे बघत होते. बेकरीवाले काका म्हणाले, "पोरी, तू त्या काट्याला धाक दाखवून तो थांबणार आहे का? तुझ्या बाबांना माझ्या जागी पाठव. मला घाई नाही, घरी फक्त कुलूप वाट बघतंय." त्यांनी कार्ड काढून पुढे केले. वडिलांचा हात आखडला. ते म्हणाले, "नको हो, नियम असतो." मी म्हणाले, "बाबा, दोघांचाही डावाच डोळा आहे, काय फरक पडतो?" आणि वडिलांच्या गळ्यातले कार्ड मी स्वतःच्या हाताने काढले. हा सर्वस्वी माझा गुन्हा आहे. त्यांच्या दोघांच्या डोळ्यांत थेंब घातलेले होते, दिसत फक्त मला होते.

५. त्यानंतर आम्ही चौथ्या भेटीला (१ जुलै) आणि सहाव्या भेटीला (२६ ऑगस्ट) हेच केले. तक्ता आणि स्कॅन आपापल्या कार्डावर झाले, फक्त इंजेक्शनाच्या रांगेत कार्डे बदलली. पहिल्या भेटीला मुलगी माझ्यासोबतच होती, आणि तिसऱ्या, पाचव्या व सातव्या भेटीला पती तिला आणायला गेले, म्हणून ज्याने त्याने आपल्याच पाळीने इंजेक्शन घेतले. मला यात काही वावगे वाटले नाही. उलट आम्हाला ती माणुसकी वाटत होती. एकदा मुलीला ताप होता आणि तिला सोबत आणावे लागले, तेव्हा काकांनी ओल्या कागदी रुमालाचा मळून मळून एक इवलासा पाव करून तिच्या हातावर ठेवला. ती त्यांना पावआजोबा म्हणते.

६. माझे वडील प्रत्येक इंजेक्शनानंतर घरी येऊन आलेखाच्या कागदावर एक चित्र काढत असत. इंजेक्शनानंतर दिवसभर डोळ्यासमोर बारीक काळे ठिपके तरंगतात. डॉक्टरांनी त्यात काळजीचे काही नाही असे सांगितले होते. ठिपके कुठे दिसतात, किती मोठे, हे ते चौकोन मोजून नोंदवत. मी हसत असे, "बाबा, आता डोळ्यातल्या ठिपक्यांचाही नकाशा?" ते म्हणत, "जागा मोजल्याशिवाय चैन पडत नाही." पहिल्या सात भेटींची सात चित्रे आहेत. सातही कागदांवर ठिपके आहेत.

७. पाचव्या भेटीला बेकरीवाले काका म्हणाले होते, "मागच्या खेपेला काही कळलंच नाही. डॉक्टरांचा हात लोण्यासारखा झालाय. तुमचे ते काळे ठिपकेसुद्धा आले नाहीत." आम्ही तिघे हसलो. सातव्या भेटीला म्हणाले, "एका खेपेला डॉक्टर दुष्ट, एका खेपेला प्रेमळ. मागच्या खेपेला प्रेमळ होते." तेव्हाही मी हसले. मात्र त्याच दिवशी त्यांनी मला दोनदा वेळ विचारली. घड्याळ त्यांच्या समोरच्या भिंतीवर होते, मोठ्या आकड्यांचे, आणि मे महिन्यात ते मला त्याच्यावरूनच चिडवत होते. अक्षरांच्या तक्त्यावर त्यांच्या दोन ओळी कमी झाल्या होत्या. मी ते पाहिले. माझ्या वडिलांच्या तीन ओळी वाढल्या होत्या, म्हणून मी त्या आनंदात होते.

८. दि. २१ ऑक्टोबरला, आठव्या भेटीला, बेकरीवाले काका आले नाहीत. माझे पती कामावर होते. वडिलांची पाळी यायला दीड वाजला. मी पाळणाघरात पोचले तेव्हा मुलगी बूट घालून, पिशवी पाठीला लावून पायरीवर बसली होती आणि पाळणाघरातल्या ताई कुलूप हातात घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "रडली नाही हं. पण सारखी विचारत होती, आई हरवली का." संध्याकाळी वडिलांनी कागद काढला, पेन्सिलीला टोक केले आणि ती परत खाली ठेवली. मग म्हणाले, "आज ठिपके नाहीत. आज काही टोचलंच नाही बघ. डॉक्टरांचा हात..." वाक्य कोणाचे होते हे आम्हा दोघांनाही एकदमच आठवले.

९. मग मी माहितीपत्रक काढून बसले आणि पाचव्या पानावर पोचले. तिथे लिहिले आहे की अभ्यासात दोन औषधे आहेत, औषध 'क' आणि औषध 'ख'. दोन्ही पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांची गळती थांबवतात आणि सूज उतरवतात. 'क' चा असर चार आठवडे टिकतो, 'ख' चा आठ. पहिल्या तीन भेटींत सर्वांना खरे इंजेक्शन. त्यानंतर 'क' गटाला दर भेटीला, 'ख' गटाला एका आड एका भेटीला. मधल्या भेटीत 'ख' गटाला आपण कोणत्या गटात आहोत हे कळू नये, म्हणून "सुई नसलेल्या रिकाम्या सिरिंजचा डोळ्यावर केवळ दाब दिला जाईल." हे वाक्य मी वाचले आणि वडिलांचे कागद तारखांप्रमाणे लावून बघितले.

१०. मला जे समजले ते असे. चुकत असेन तर मला झापावे, मला आनंदच होईल. माझे वडील 'ख' गटात असावेत. त्यांच्या रिकाम्या सिरिंजच्या भेटी म्हणजे चौथी, सहावी आणि आठवी. बेकरीवाले काका 'क' गटात असावेत, म्हणजे त्यांना प्रत्येक वेळी खरे औषध ठरलेले. आम्ही कार्डे बदलली त्या तीन भेटींपैकी दोन नेमक्या चौथी आणि सहावी. माझ्या पतीच्या पाळीचे चाक आणि तुमच्या रिकाम्या सिरिंजचे चाक यांचे दात एकमेकांत बसले. त्यांच्या वाटणीचे औषध माझ्या वडिलांच्या डोळ्यात गेले आणि माझ्या वडिलांच्या वाटणीची रिकामी सिरिंज त्यांच्या एकुलत्या एक डोळ्यावर टेकवली गेली. दोनदा. ते ती हसत हसत घेऊन आले, कारण माझ्या मुलीला एक वाजता घरी न्यायचे होते.

११. आपल्या शिकाऊ डॉक्टरांनी सातव्या भेटीला वडिलांचा स्कॅन सर्वांना दाखवून म्हटले होते, "एकतीस नंबरचा पडदा बघा, पुस्तकात छापण्यासारखा." तो पडदा एका औषधाने सुधारलेला नाही. त्याला दोन्ही औषधे मिळाली आहेत, आणि नऊ क्रमांकाचा पडदा अर्ध्या औषधावर आहे. नवव्या भेटीनंतर दोन्ही औषधांची तुलना करून तक्ता तयार होणार आणि त्यावरून पुढे सगळ्या पेशंटना कोणते द्यायचे ते ठरणार, असे फलकावर लावले आहे. त्या तक्त्यात आमच्या दोन ओळी खोट्या आहेत. त्या गाळाव्यात. मला तक्त्यातले जास्त कळत नाही, पण आमच्या घड्याळापायी आणखी कोणाला चुकीचे औषध मिळू नये.

१२. आता मागच्या दोन अर्जांविषयी. दोन्ही अर्जांत मी कार्डांचा उल्लेख केला नव्हता. "क्र. ९ अनुपस्थित असून त्यांची चौकशी व्हावी" एवढेच लिहिले होते. भीती वाटली. वडिलांना अभ्यासातून काढतील, मग त्यांच्या डोळ्याला औषध मिळणार नाही, असे वाटले. पहिला अर्ज "अर्जदाराचे क्र. ९ शी नाते नमूद नाही" या शेऱ्यासह परत आला. दुसऱ्यात मी नाते या रकान्यात "काका" लिहिले. तो "सख्खे की चुलत, पुराव्यासह स्पष्ट करावे" या शेऱ्यासह परत आला. मी खिडकीवर गेले. तेथील लिपिक चांगले आहेत, त्यांनी रजिस्टर उघडून बघितले. म्हणाले, "फोन केला होता, उचलला नाही. गैरहजेरीचा खुलासा नऊ नंबरने स्वतः येऊन, फॉर्म वाचून, सही करून द्यायचा." मी म्हणाले, ते येऊ शकत असते तर गैरहजर कशाला राहिले असते, आणि वाचता येत असते तर. ते म्हणाले, "ताई, मलाही पटतंय. पण फॉर्म तसाच आहे." पत्ता मागितला तर तो गोपनीय. म्हणजे त्यांच्या डोळ्यात काय गेले हे आम्हाला ठाऊक, पण ते राहतात कुठे हे ठाऊक नाही. आणि ते राहतात कुठे हे तुम्हाला ठाऊक, पण डोळ्यात काय गेले हे आजपर्यंत ठाऊक नव्हते.

१३. मी शोधले नाही असे नाही. काकांच्या बोलण्यातून मला एवढेच माहीत आहे की ते इथून बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जातात, खाली छापखाना आहे आणि "सहा वाजेपर्यंत जमीन थरथरते, नंतर मी थरथरतो." जिना बाहेरून आहे, बावीस पायऱ्या, ते मोजून चढतात. मी मुलीला कडेवर घेऊन तीन मार्गांच्या शेवटच्या थांब्यांवर जाऊन आले. तिसऱ्या ठिकाणी छापखाना सापडला, बाहेरून जिना सापडला. मी पायऱ्या मोजत चढले. अठराच भरल्या. तरी दार वाजवले. शाईने हात भरलेल्या एका बाईंनी उघडले आणि त्यांना कोणी बेकरीवाले माहीत नव्हते. उतरताना मुलगी म्हणाली, "पावआजोबा खाली राहतात का?" मी पुन्हा एकदा पायऱ्या मोजल्या.

१४. काकांना शेवटचे औषध दि. २३ सप्टेंबरला मिळाले. ते चार आठवडे पुरते. आज सात आठवडे उलटून गेले. अभ्यासाच्या नियमाप्रमाणे सलग दोन भेटी चुकल्या की क्रमांक रद्द होतो. नववी भेट येत्या मंगळवारी, दि. १८ रोजी आहे. त्या दिवशी दुपारनंतर नऊ क्रमांक नावाचे कोणीच उरणार नाही, आणि जो उरणार नाही त्याला कोण शोधणार? ते घरी आहेत की नाहीत, पडले आहेत का, दिसत नाही म्हणून बाहेर पडत नाहीत का, की दिसत नाही हे कोणाला सांगायला नको म्हणून दार लावून बसले आहेत, हे मला माहीत नाही. मला दिवसातून पाच-सहा वेळा त्यांचे कुलूप दिसते. ते आतून लावलेले असते.

१५. माझ्या वडिलांना मी सर्व सांगितले आहे. त्यांनी आठवा कागद कोराच ठेवला. दुसऱ्या दिवशी ते खिडकीच्या चौकटीकडे एक डोळा झाकून बघत होते. म्हणाले, "आता रेघ सरळ दिसते. बेकरीवाल्यांच्या वाटणीची सरळ दिसते." मंगळवारचे आपले खरे इंजेक्शन काकांना द्यावे असे त्यांचे म्हणणे आहे. मी त्यांना समजावले की औषध असे पदरचे काढून देता येत नाही, एकदा दिले त्यातूनच हे झाले. तरी त्यांचा आग्रह मी येथे नोंदवते.

१६. सबब विनंती अशी की :

(अ) क्र. ९ व क्र. ३१ यांची पाकिटे मंगळवारची वाट न बघता उघडावीत आणि कोणाला काय मिळाले ते डॉक्टरांनी पाहावे.

(ब) क्र. ९ यांचा क्रमांक रद्द करू नये. करावाच लागला तर त्यांचा उपचार अभ्यासाबाहेर, माणूस म्हणून, चालू ठेवावा.

(क) जी काही शिक्षा असेल ती माझी. माझ्या वडिलांनी "नियम असतो" असे म्हटले होते, हे कृपया लिहून घ्यावे. दारातल्या सिस्टरना जबाबदार धरू नये. त्यांनी प्रत्येक वेळी आकडा बरोबर जुळवला.

विषयाच्या ओळीत दोन गोष्टी लिहिल्या म्हणून हा अर्ज परत करू नये. पाकीट आणि माणूस ही माझ्या दृष्टीने एकच गोष्ट आहे. नात्याचा रकाना या वेळी मी मोकळा ठेवला आहे. त्यात काय लिहायचे ते आपणच ठरवावे.

आपल्या खिडकीबाहेर उत्तरासाठी थांबलेली,

(सही)
सहभागी क्र. ३१ यांची मुलगी

दिनांक : १४ नोव्हेंबर

सोबत :
१) ठिपक्यांच्या सात चित्रांच्या छायाप्रती, तारखांसह.
२) आठवा कागद, कोरा, तारखेसह.
३) शेऱ्यांसह परत आलेले दोन अर्ज.

ता. क. : कृपया आजच कोणालातरी त्यांच्याकडे पाठवावे. जो जाईल त्याला सांगावे की छापखाना चालू असेल तर दारावरची थाप आत ऐकू जात नाही, म्हणून सहानंतर जावे, आणि लगेच उघडले नाही तर निघून येऊ नये. ते भिंतीला हात लावत येत असतील, वेळ लागेल. नऊ क्रमांक म्हणून हाक मारली तर ते ओ देतील. पण एकतीस म्हणून मारली तरी ओ देतील, ती सवय मी लावली आहे. म्हणून फक्त आकड्यावर जाऊ नये, तोंड बघावे. उजव्या भुवईवर भट्टीच्या दाराने भाजल्याचा जुना डाग आहे. तो डाग दिसला की तेच. मग त्यांना विचारावे की समोर कोण उभे आहे ते दिसते का, आणि ते काय सांगतात ते मला कळवावे.